ब्रिमीरचं बारसं

मुलाचं नाव असं ठेवायचं, की जे गावच्या दफनभूमीत एकाही दगडावर नसेल, असं ओर्वारने ठरवलं. (असा विचार मनात आला की शहाण्या माणसाने घोटभर पाणी पिऊन तो विसरावा. ओर्वार कामाला लागला.) भर थंडीत तो थडग्यांवरचा बर्फ हाताने पुसत, नावं वाचत फिरला. पाद्रीबाबा तोमास यांनी खिडकीतून पाहिलं आणि पोरगं झाल्यापासून हा देवाधर्माला लागला, अशी बातमी गावभर केली.

ओर्वारला त्याच्या मामाचं नाव मिळालं होतं. मामा तरुणपणी बोटीसकट बुडाला. जिवंतपणी त्याने काय दिवे लावले होते कोण जाणे, पण मेल्यावर मात्र तो गावातला सगळ्यात देखणा, धाडसी आणि दिलदार पुरुष झाला. आणि आपला ओर्वार? मासळीच्या कारखान्यात कारकून, आणि बोटीत पाय ठेवला की उलटी. जन्मभर लोक त्याच्याकडे बघत म्हणाले, "नाव तर मोठं आहे!" त्या 'तर'ने तो आतून पार पोखरून निघाला होता. आपल्या पोराला निदान हे भोगावं लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी नाव सापडलं. ब्रिमीर. बायकोला, सोल्वेगलाही आवडलं. आम्हा आइसलँडच्या लोकांत नाव बारशापर्यंत कुणाला सांगत नाहीत, त्यामुळे जिवंत माणसांची कटकट नव्हती. कटकट होती मेलेल्यांची. पाळणा हलायची वेळ आली की ते स्वप्नात येऊन आपलं नाव मागतात, आणि मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवलं तर पोराला सोसत नाही म्हणतात.

सासूबाई हाल्डोरा पहिल्या आल्या. "हे आले होते पहाटे. दारात उभे, मोजे ओले. काही बोलले नाहीत, पण मी काय ते समजले."

"जिवंतपणीही ते बोलत नव्हतेच," ओर्वार म्हणाला.

मग त्याच्या आईला, गुद्रिदूरबाईंना, आपला बुडालेला भाऊ दिसू लागला. रोज. कधीकधी दुपारच्या डुलकीतसुद्धा. बारसं जवळ आलं तेव्हा ओर्वारने काट्याने काटा काढायचं ठरवलं. आईकडे कॉफीला सगळे जमले असताना तो म्हणाला, "मलाही स्वप्न पडलं. एक माणूस आला होता. अगदी अनोळखी."

"तुला?" आई म्हणाली. "कसा होता?"

आता आली का पंचाईत! अनोळखी माणूस कसा असतो? ओर्वारने शून्यात बघितल्यासारखं केलं आणि तोंडाला येईल ते सांगत सुटला. उंच होता. टोपी एका कानावर. करड्या स्वेटरच्या कोपराला ठिगळ. हसला तेव्हा पुढच्या दातांत फट दिसली. आता तो माणूस 'ब्रिमीर' म्हणणार, एवढ्यात ओर्वारच्या लक्षात आलं, की टेबलाभोवती कुणी काही खात नाहीये.

आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती सोफ्यावरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे मामाचा फोटो होता. एका कानावर टोपी, ठिगळाचा स्वेटर, फटीचे दात. ज्याच्याखाली बसून ओर्वार जन्मभर जेवला, तोच. दुसरा माणूस कल्पनेतही उभा करता येऊ नये, इतका तो त्याच्यात मुरला होता.

"आई, मी थाप मारली," तो घाईघाईने म्हणाला.

"घाबरू नकोस बाळा. पहिल्यांदा असंच होतं."

"अगं, खरंच रचून सांगितलं मी!"

"तू? शाळेतले निबंध मी लिहून द्यायचे तुला. तुझ्या डोक्यातून स्वेटरचं ठिगळ निघायचं नाही."

सासूबाईंनी डोळे पुसले. "आमच्या ह्यांचं काय, त्यांना थांबायची सवय आहे."

ओर्वारने सोल्वेगकडे पाहिलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. एवढाच आधार उरला होता.

"माझा नाही असल्या गोष्टींवर विश्वास," सोल्वेग पोराला छातीशी धरत म्हणाली. "पण बाळाच्या बाबतीत उगाच विषाची परीक्षा कशाला?"

बारसं आईच्याच बैठकीच्या खोलीत झालं. पाण्याचा वाडगा ओर्वारने धरला होता, कारण त्याला दुसरं काही काम नव्हतं. पाद्रीबाबांनी पोराच्या डोक्यावर पाणी घातलं आणि नाव उच्चारलं, 'ओर्वार'. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्याही आलं, त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

मग आईने नातवाला उचललं, त्याच्या इवल्या तोंडाकडे डोळे भरून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आला गं बाई एकदाचा परत. मागच्या खेपेला भलताच कुणीतरी आला होता."