पानाआडचा वटवट्या

पाहुणे ठेवणाऱ्या दोना फिलोमेनाच्या स्वयंपाकघरात उजेड आधी मक्याच्या पावावर आला. तिथे तो बराच वेळ थांबला, जणू पुढे जावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं. मग चीजच्या ताटलीवरून, पोचे आलेल्या किटलीवरून सरकत तो टेबलाच्या कडेला आला आणि दुआर्तेच्या वॉकीटॉकीवर स्थिरावला. समुद्रावरून येणारा, रात्रभर भिजल्यासारखा राखाडी, भर महासागरातल्या कोर्व्हो बेटावर ऑक्टोबरात रोज येतो तसा साधा उजेड. दुआर्तेला तो आवडे, कारण तो कोणाला काही विचारत नसे.

"आज काही दिसलं तर लगेच सांगायचं," समोर पाव कापत अनिबाल मास्तर म्हणाले. "जेवायला बसल्यावर नाही. लगेच."

गेले नऊ दिवस ते हे रोज सांगत होते. अनिबाल कोइंब्राचे निवृत्त शिक्षक. वादळात भरकटून महासागर ओलांडणारे अमेरिकेतले पक्षी पाहायला ते चौदा वर्षं इथे येत होते आणि बेटावर जमणाऱ्या सतरा पक्षीवेड्यांचे आपोआप मुकादम झाले होते. गेल्या वर्षी दुआर्तेने एक दुर्मिळ पक्षी दुपारी पाहिला, खात्री होईना म्हणून तो गप्प बसला, आणि रात्री सूप संपल्यावर त्याने ते सांगितलं. पहाटेपर्यंत पक्षी उडून गेला होता. चोरी केली असती तर या मंडळींनी एक वेळ माफ केली असती, पण पक्षी लपवणाऱ्याकडे दोन दिवस कोणी मीठही सरकवलं नाही. पुन्हा तसं झालं तर पुढच्या ऑक्टोबरात या घरात त्याला खाट मिळणार नव्हती. आणि दुआर्ते वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने त्या खाटेच्या आठवणीवर काढत असे.

म्हणूनच आठ वाजून दहा मिनिटांनी, ओढ्याकाठी एकटा असताना, जुनिपरच्या काळोख्या फांद्यांत पिवळं काहीतरी थरथरताच त्याने दुर्बिणीच्या आधी वॉकीटॉकी उचलला.

"पिवळं काहीतरी आहे. कदाचित वटवट्या. काळ्या टोपड्याचा."

टोपडं त्याला दिसलं नव्हतं. परंतु बेल्जियमचा लीव्हन दर जेवणात त्या एकाच पक्ष्याबद्दल बोलत असे, त्यामुळे जिभेवर तेच नाव तयार होतं. दुआर्तेने दुर्बीण लावली तेव्हा फांदी रिकामी होती.

दुसऱ्या कोणाचं 'कदाचित' लोकांनी मनावर घेतलं नसतं. पण मुलखाचा अबोल माणूस स्वतःहून बोलतो आहे, म्हणजे पक्षी त्याच्या नाकावरच बसलेला असणार, असं सगळ्यांनी धरलं. शब्द मागे घ्यायला त्याने बटण दाबलं, तर तिकडे सोळा जण एकाच वेळी रस्ता विचारत होते.

वीस मिनिटांत झेफेरिनोची गाडी आली. बेटावरच्या एकुलत्या रस्त्यावर तोच सर्वांची ने-आण करी. मागच्या फळीवर माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती आणि त्यांच्या मधोमध, सूटकेस छातीशी धरून, लीव्हन.

"तुझं विमान?" दुआर्तेने विचारलं.

"गेलं. पायरीवर पाय ठेवला होता रे." लीव्हनने घाम पुसला. "शनिवारी बहिणीचं लग्न आहे. पुढचं विमान सोमवारी." मग हळूच म्हणाला, "टोपडं नीट दिसलं ना?"

दुआर्तेने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

झेफेरिनो मात्र त्याच्याकडे निरखून पाहत होता. "भाऊ, आमच्या गावात चारशे माणसं अन् सगळ्यांची घरं एकमेकांना चिकटलेली. तोंड लपवायला जागा नाही, आधीच सांगून ठेवतो."

दीड तास शोध चालला. अखेर दुआर्ते त्या जुनिपरखाली गेला. कोळ्याच्या धाग्याला हायड्रेंजियाचं एक पिवळं पान लोंबत होतं. वाऱ्याची झुळूक आली की ते थरथरे, मग गिरकी घेऊन अंधारात दिसेनासं होई. त्याने ते हलकेच तोडलं आणि खिशात घातलं. पानाआड पक्षी असूच शकतो, असं त्याने स्वतःला बजावलं. पण ते पटेना, तेव्हा तो मास्तरांपाशी गेला.

"मास्तर, मला वाटतं, सकाळी मी..."

"शू."

ओढ्यापलीकडे सूटकेसवर बसलेला लीव्हन दगडासारखा निश्चल झाला होता. त्याच्यापासून तीन हातांवर, ओल्या शेवाळावर, इवलासा पिवळा पक्षी उभा होता. डोक्यावर काळंभोर टोपडं.

काठावरची पायवाट अरुंद होती. दुआर्तेने सवयीप्रमाणे आधी एकाला पुढे जाऊ दिलं, मग दुसऱ्याला, मग उरलेल्या सगळ्यांना. त्याची पाळी आली तेव्हा शेवाळ रिकामं होतं.

लीव्हनचे डोळे भरून आले होते. बहिणीला फोटो पाठवतो, ती समजून घेईल, असं तो म्हणत होता.

"लग्न तिचं अन् फोटो पाखराचा," झेफेरिनो गाडी सुरू करत पुटपुटला.

संध्याकाळी सूपची पहिली वाटी दुआर्तेला मिळाली. मीठ त्याच्याकडे तीन बाजूंनी आलं. मास्तरांनी दोना फिलोमेनाला सर्वांदेखत सांगितलं की खिडकीजवळची खाट पुढच्या वर्षीही या पोराचीच. मग त्यांनी नोंदीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. पक्षी ज्याने शोधला त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, असा रिवाज होता.

दुआर्तेने लिहिलं: पिवळा. लहान. थरथरत होता. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"आणि टोपडं?" मास्तरांनी खांद्यावरून वाकून विचारलं.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. दुआर्तेने उरलेलं सूप सावकाश संपवलं. खिशातून चुरगळलेलं पान काढून त्याने कागदावर ठेवलं, आणि गेल्या वर्षीच्याच खुर्चीवरून, गेल्या वर्षीच्याच वेळी तो म्हणाला,

"मी तो पक्षी पाहिलेलाच नाही. सकाळी पाहिलं, ते हे पान होतं."