मांजर, हेतू संशयास्पद

व्हरांड्यासमोरच्या जाईच्या वेलीत बुलबुलांनी घरटं बांधलं. त्यात तीन अंडी दिसली त्याच दिवशी निवृत्त सुरक्षा अधिकाऱ्यांनी कपाटातून आपली शिट्टी आणि एक कोरी वही बाहेर काढली. एका कारखान्याच्या फाटकावर साहेबांनी तीस वर्षं पहारा केला होता. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात ते फाटकच चोरीला गेलं. निरोपसमारंभात तो विषय कोणी काढला नाही, फक्त भेट म्हणून कुलूप दिलं. ते कुलूप साहेबांच्या मनाला फार लागलं होतं. निदान ही तीन अंडी तरी हातची जाऊ द्यायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

धोका एकच होता, शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंची मांजर, ठमी. ती रोज सकाळी कुंपणावरून यायची, वेलीखाली ऐसपैस बसून अंग चाटायची आणि निघून जायची. वहीत पहिली नोंद झाली: 'मांजर, पिवळी. आत सात दहा, बाहेर सात चाळीस. हेतू : संशयास्पद.'

मग बंदोबस्त सुरू झाला. साहेबांनी वेलीच्या बुंध्याला काटेरी फांद्या बांधल्या. त्यांत पहिल्याच दिवशी त्यांचा स्वतःचा लेंगा फाटला. दोरीला रिकामे डबे अडकवले, तर सकाळी पेपर आणायला जाताना साहेबच त्यांत पाय अडकून पडले. ठमी दोरीखालून वाकून गेली. शेवटी त्यांनी शिट्टी फुंकली. ठमीने एक कान हलवला. बुलबुलाची मादी मात्र अंडी सोडून जी उडाली, ती अर्धा तास परतली नाही.

"तीस वर्षांत तुमच्या शिट्टीनं एक चोर पळाला नाही," बायको म्हणाली, "आणि आता आईच पळवून लावलीत."

ठमीचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून साहेबांनी कुंपणाच्या कोपऱ्यात सुके मासे ठेवले. ठमी मासे खाऊन पुन्हा वेलीखाली येऊन बसायला लागली, आता पोटभर जेवून. तेव्हा साहेबांनी तिची बदलीच करायचं ठरवलं. ताईंकडे जाऊन त्यांनी वहीतल्या सगळ्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवल्या. सतराव्या नोंदीपाशी ताईंनी हात टेकले आणि पिल्लं उडेपर्यंत ठमीला बहिणीकडे पाठवलं.

अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. साहेब दोन दिवस छाती काढून फिरले. तिसऱ्या दिवशी उरलेल्या माशांच्या वासाने उंदीर आले. मासे संपवून ते वेलीकडे वळले. ठमीच्या धाकाने आजवर एकही उंदीर इकडे फिरकला नव्हता, हे बायकोने सांगितलं तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. निमूटपणे ते पुन्हा ताईंकडे गेले.

"ती यायला तयार नाही हो," ताई शिलाई मशीन न थांबवता म्हणाल्या. "तिकडे तिच्या येण्याजाण्याची नोंद कोणी ठेवत नाही ना."

संध्याकाळी एक जाडजूड उंदीर अर्धी वेल चढला. साहेबांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि थबकले. शिट्टी वाजली की आई उडणार आणि उंदराला घरटं मोकळं मिळणार. पिल्लांच्या उघड्या चोची त्यांना दिसत होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि म्हणाले, "म्याँव."

उंदीर टपकन खाली पडून पळाला. तीस वर्षांत साहेबांना बघून पळालेला हा पहिलाच.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ते वेलीखाली सतरंजी टाकून म्याँव म्याँव करत बसू लागले. एके दिवशी ठमी परतली असं वाटून ताई दुधाची बशी घेऊन धावत आल्या. समोर चारी हातापायांवर साहेब होते. ताई हसल्या नाहीत. त्यांनी बशी साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "दमला असाल."

आठवड्याभरात तिन्ही पिल्लं उडाली. शेवटची नोंद करायला साहेबांनी वही उघडली, तर बायकोच्या अक्षरात ती आधीच झाली होती: 'बोका, चष्मेवाला. आत सहा वाजता, बाहेर जेवायला हाक मारल्यावर. हेतू : चांगला.'