मार्फत ढवळ्या

उकंडराव आपल्या बायकोशी बैलामार्फत बोलत.

यात माझी अतिशयोक्ती नाही. अकोल्यात मोर्णेच्या काठी त्यांच्या शेजारी मी सहा वर्षं काढली. मधली भिंत इतकी ठेंगणी, की त्यांच्या घरातलं काही ऐकायचं नाही असं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. सकाळी गोठ्यातून आवाज यायचा, "ढवळ्या, पाठीत उसण भरली गड्या. थोडं तेल गरम भेटलं असतं त बरं झालं असतं." ढवळ्या रवंथ करीत राही. थोड्या वेळाने कौतिकावहिनी तेलाची वाटी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवून निघून जात. त्यांना उत्तर द्यायचं असलं तर त्या चुलीशी बोलत. "मीठ नाई पडलं बाप्पा जास्त. खानाऱ्याचं तोंडच कडू असन त चूल का करीन?"

आता वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने बोलू नये ही रीत तेव्हा सगळीकडेच होती. नाव घेणं तर दूरच. पण बाकीची मंडळी म्हातारं माणूस देवळात गेलं की चार शब्द बोलून घेत. उकंडरावांना अशी पळवाट ठाऊकच नव्हती. आई घरात असो नसो, मध्ये ढवळ्या हवाच. शेतात दोघंच कापूस वेचीत असली तरी ते बांधावर चरणाऱ्या बैलाला ओरडून सांगायचे, "ढवळ्या, ऊन झालं, आता सावलीत बसावं मानसानं!" तो बिचारा चरणं सोडून वर पाही.

एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, मी कोनाले काई म्हनत नाई, पन तुमी दिवसभर फळ्याशी बोलता, तवा आमी इचारतो का?"

'मी कोनाले काई म्हनत नाई, पन' हा त्यांचा खास मंत्र. तो म्हटला की पुढे कोणालाही काहीही म्हणायला ते मोकळे. बाजारात दलालासमोर उभे राहून म्हणत, "मी कोनाले काई म्हनत नाई, पन या तराजूचं आज पोट दुखून राह्यलं वाटते." दलाल हसे आणि तराजू सरळ होई.

ही गोष्ट कापसाला सोन्याचं मोल आलं त्या सालांतली. तिकडे अमेरिकेत कुठे लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात लोकांचे पाय जमिनीला लागेनात. कोणी घोडे घेतले, कोणी तोडे केले, आमच्या आळीतल्या एकाने तर बंद पडलेलं घड्याळ आणून भिंतीला टांगलं. उकंडरावांनी ढवळ्याला चांदीच्या घुंगरांची माळ केली.

माझी बायको भिंतीवरून वहिनींना म्हणाली, "अहो, बैलाला माळ, आणि तुम्हाला?"

"मले का करायची माळ बाई?" वहिनी म्हणाल्या. "चोवीस वर्सं झाली लग्नाले. एक डाव, फक्त एक डाव माह्यं नाव घेऊन आवाज देल्ला असता, त म्या गळ्यात काळी पोतबी मांगतली नसती. मले माह्यं नाव थ्याइच्या तोंडून ऐकाचं हाये. मंग मेली तरी चालन."

बायकोने हे मला सांगितलं आणि वर डोळे पुसले. मी उकंडरावांना पुष्कळ सुचवून पाहिलं. ते ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "मास्तर, दुसरं काई बोला."

त्या वर्षी पौषात उकंडरावांच्या आईला साठ वर्षं पुरी होणार होती. जन्मतिथी ठाऊक असलेली आमच्या आळीतली ती एकटीच म्हातारी असावी. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत तिची आई गाव सोडून पळत असताना पौषी पुनवेला एका बैलगाडीखाली तिचा जन्म झाला होता, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. लेकाने विचारलं, "माय, साठीचं तुले का पाह्यजे?"

म्हातारी म्हणाली, "गाड्याच्या गाड्या भरून कापूस जाते. थो जाते तरी कुठी, थे मले दाखव."

"मुंबईच्या बंदरात जाते."

म्हातारीने विचारलं, "बंदराले कापूस काहाले लागते?"

आमच्याकडे बंदर म्हणजे माकड. उकंडराव हसत हसत गोठ्यात गेले, समजावून कोणीच सांगितलं नाही आणि म्हातारीने निघायच्या आदल्या दिवशी दोन पायल्या फुटाणे बांधून घेतले.

इंग्रजी पाट्या वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं. म्हातारी, उकंडराव, वहिनी, आठ वर्षांची मुलगी धोंडी आणि मी. आगगाडी तेव्हा अकोल्याला आली नव्हती, म्हणून भुसावळपर्यंत बैलगाडी. तोवर सगळं सुरळीत होतं, कारण गाडीला ढवळ्या होता. भुसावळला एका ओळखीच्या माणसाकडे बैल बांधले आणि आम्ही आगगाडीत बसलो, तेव्हा उकंडरावांच्या लक्षात आलं की आता बोलायचं कोणाशी?

त्यांनी आधी खिडकीच्या गजाशी बोलून पाहिलं. मग तांब्याशी. शेवटी त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"मास्तर, मी कोनाले काई म्हनत नाई, पन भाकरीचं गाठोडं कुठी ठेवलं असन?"

शेजारी बसलेल्या वहिनी लगेच म्हणाल्या, "धोंडे, मास्तरायले सांग, बाकाखाली हाये. अन् म्हन, आता खाऊ नोका, पोटात ढवळन."

इगतपुरी येईपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. ढवळ्याने इतकी वर्षं काय सोसलं असेल याची मला पहिल्यांदा कल्पना आली.

बोरीबंदरला उतरलो. स्टेशनाचं नाव मी मोठ्याने वाचलं ही माझी चूक. म्हातारीने फुटाण्यांची पुरचुंडी सोडली आणि ती फलाटावर उभी राहून इकडे तिकडे बघू लागली. तेवढ्यात समोरून लाल तोंडाचा एक साहेब आला. म्हातारीची मूठ पुढे झाली. मी तिचा हात धरला नसता, तर माझी सरकारी नोकरी तिथेच संपली असती.

पण पुनवेच्या दिवशी सकाळी आम्ही कुलाब्याला गेलो आणि म्हातारी सगळी माकडं विसरली. समोर समुद्र, त्यावर डोलकाठ्यांचं रान उभं, आणि काठाला कापसाच्या गाठींच्या भिंतीच भिंती. म्हातारीने वाकून बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाली, "मायबाई! एवढं मीठ कोनाच्या हातून सांडलं?" मग तिथेच एका दगडावर तिला बसवून वहिनींनी ओवाळलं. वारा निरांजन टिकू देईना. धोंडीने दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. तीळ-गूळ घातलेलं दूध म्हातारीला दिलं. बाजूला हमाल पाठीवर गाठी घेऊन धावत होते, त्यातला एक जण थांबून म्हातारीच्या पाया पडला आणि एक मूठ फुटाणे घेऊन गेला. फुटाणे शेवटी सत्कारणी लागले. म्हातारी गाठींकडे पाहून म्हणाली, "ह्या सगळ्यात आपल्या वावरातलं एखादं बोंड असनच ना रे?" उकंडराव म्हणाले, "असन ना माय!" त्यांची छाती दोन बोटं पुढे आली होती.

परत निघालो, मागे पाहिलं, तर वहिनी नाहीत.

बैलगाड्यांची रांग, हमालांची आरडाओरड, गाठींच्या दोन भिंतींमधल्या गल्ल्या. वहिनींना मुंबईचं काहीच ठाऊक नाही, राहण्याच्या जागेचं नावही नाही. उकंडरावांच्या कपाळावर घाम आला. ते एका गाठीवर चढले, तोंड उघडलं आणि त्यातून काही निघेना. चोवीस वर्षांत त्यांनी त्या बाईला कधी हाक मारली नव्हती. हाक मारायला त्यांच्याजवळ शब्दच नव्हता.

मग त्यांनी आपला एकच शब्द काढला. "ढवळ्या! ए ढवळ्या! कुठी गेला बे?"

लोक जमले. एक पोलीस शिपाई आला. "काय हरवलं, बैल काय?"

"नाई... हो... ढवळ्या म्हनजे..."

"रंग कसा?"

"गहूवर्णी," उकंडराव म्हणाले.

"शिंगं?"

"शिंगं नाई जी. नथ हाये."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. धोंडी रडायला लागली. तेव्हा म्हातारी काठी आपटत पुढे झाली.

"अरे मेल्या, बायको हरवली अन् बैलाले आवाज देऊन राहिला? नाव घे तिचं!"

"माय, तुह्यासमोर?"

"हो, माह्यासमोर! आज माह्यी साठी हाये ना? मंग मले हेच पाह्यजे. घे नाव!"

उकंडरावांनी पागोटं काढून हातात धरलं. डोळे मिटले. आणि मग सगळा कुलाबा वळून पाहील अशा आवाजात ते ओरडले, "कौतिकेऽऽ! अवो कौतिकेऽऽ!"

दुसऱ्या हाकेला आवाज फाटला.

पंधरा पावलांवरच्या गाठीआडून वहिनी बाहेर आल्या. पदर डोक्यावर सारखा, चेहरा अगदी शांत. गाठीतला कापूस आपल्याकडचा आहे का, हे हाताने पाहायला त्या थांबल्या होत्या म्हणे. धोंडी जाऊन बिलगली आणि म्हणाली, "माय, बाबा केवढ्यानं वरडत होते, तुले ढवळ्या-ढवळ्या ऐकूच नाई आलं?"

"आलं ना," वहिनी हळूच म्हणाल्या. "म्या म्हनलं, पाहू तरी आज."

मला वाटलं, आता उकंडराव हसतील, निदान चिडतील. ते मटकन खाली बसले. म्हातारी आणि वहिनी धोंडीला शहाळं पाजायला पुढे गेल्या, तरी ते उठेनात. मी थट्टेच्या सुरात म्हणालो, "काय हो, एका नावासाठी चोवीस वर्षं लावलीत!"

"मास्तर," ते म्हणाले, आणि या खेपेला 'मी कोनाले काई म्हनत नाई' आलं नाही. "माह्या आधी पाच लेकरं झाले मायले. चांगली चांगली नावं ठेवली. लाडानं आवाज दे-देऊन एकबी नाई राह्यलं. मी झालो तवा मले उकिरड्यावर लोळवलं, उकंडा हे कचऱ्याचं नाव ठेवलं, म्हून मी वाचलो. माह्या पोरीचं नावबी म्या धोंडी ठेवलं. आमच्या घरी गोड नावानं आवाज देल्ला का थे मानूस जाते. अन् थिचं नाव त कौतिका हाये." त्यांनी पागोट्याने डोळे पुसले. "कौतिका! आता तुमीच सांगा, असं नाव मी कोन्या हिमतीनं घ्यावं?"

मी शाळामास्तर. असल्या समजुतींवर वर्गात तासभर बोलू शकतो. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. इतकी वर्षं या माणसाला मी विक्षिप्त समजून घरी त्याच्या नकला करीत होतो, याची मला लाज वाटली.

परतीच्या गाडीत घाट चढून गेल्यावर उन्हाने सगळ्यांना पेंग आली. म्हातारी मांडीवर धोंडीला घेऊन घोरत होती. खिडकीशी टेकलेल्या वहिनींचाही डोळा लागला होता. उकंडराव मात्र ताठ बसून होते. थोड्या वेळाने त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच हात पुढे केला आणि वहिनींच्या नाकासमोर तळवा धरला. श्वास लागला, तेव्हा हात मागे घेतला. मी बाहेर पाहू लागलो. पुढचं स्टेशन गेलं, पुन्हा तो हात पुढे झाला. त्याच्या पुढचं गेलं, पुन्हा.

"हाये मी," डोळे मिटूनच वहिनी म्हणाल्या. "कुठी नाई जात. तुमीबी टेका जरासे."

उकंडराव टेकले.