कमळाचा किताब

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून मीटिंग तापली, की लिमयेकाका शेवटी उठतात आणि प्रत्येकाच्या भाषणाला चिनी भाषेत शेरा देतात. सेक्रेटरींना 'खौ रुओ श्युएन ह'. म्हणजे तोंड नव्हे, टांगलेली नदी. जोशीवहिनींना 'छू खौ छंग चांग', तोंड उघडलं की निबंधच बाहेर. 'श त्सान ल्येन ह्वा', म्हणजे जिभेवर कमळ उमलणं, हा सर्वोच्च किताब. तो कुणालाच मिळाला नव्हता. गच्चीच्या गळतीवर मी जीव तोडून बोललो, तरी काका म्हणाले, "नदीच. कमळ अजून लांब आहे." मला राग आला, खोटं कशाला बोलू?

हे खूळ मुलाच्या लग्नापासूनचं. निखिल नोकरीसाठी चीनला गेला आणि तिथल्याच मेईशी त्यानं लग्न केलं. सुनेशी तिच्या भाषेत बोलायचं म्हणून काकांनी पुस्तक आणलं. ते निघालं म्हणींचं. त्यातल्या वक्तृत्वाच्या प्रकरणात काका असे रमले, की पुढे सरकलेच नाहीत.

गेल्या दिवाळीत दोघं राहायला आले आणि पंचाईत झाली. सुनेच्या बोलण्याचं कौतुक करायला काका सज्ज होते; पण 'पाणी हवं का' एवढं विचारता येईल तर शपथ. त्यात मेई अबोल. हसायची, मान हलवायची, बस्स. एका सकाळी काका दूध घेताना भेटले. चेहरा उतरलेला.

"अरे, तिला हे घर परकंच वाटलं, तर पुन्हा कशाला येईल ती?"

काकू गेल्यापासून काका ओट्यापाशी उभ्यानंच जेवतात, हे मला ठाऊक होतं.

ते दोघं निघायच्या आदल्या दुपारी मी फराळाचा डबा परत द्यायला गेलो. निखिल बाहेर गेला होता. काका ओट्यापाशी पातेल्यातूनच भात खात होते. मेई आतून आली. तिनं टेबलावर दोन ताटं मांडली, खुर्ची ओढली आणि शब्द जुळवत म्हणाली, "बाबा, बसून जेवा. मी पण बसते."

काका बसले. त्यांनी ताट पुढे ओढलं. मग हळूच म्हणाले, "श त्सान ल्येन ह्वा."

मेई खुदकन हसली आणि तिनं त्यांचा उच्चार सुधारला.

किताब माझ्या डोळ्यांदेखत गेला, पण माझी तक्रार नाही. हल्ली काका टेबलाशी बसून जेवतात. समोर मोबाइल उभा असतो, त्यात मेई. काकांना आता एक साधं चिनी वाक्यही येतं, आणि ते रोज तिला आधी तेच विचारतात: जेवलीस का?