मावशीची तूट

आपल्याकडे काय आहे हे समजायला माणसाला अख्खं आयुष्य अपुरं पडतं. आपल्याकडे काय नाही हे समजायला मात्र दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरतो. आर्थिक नियोजनाचा हा अभ्यासक्रम चार सत्रांचा असतो. पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला स्वतःच्या भविष्याची काळजी वाटू लागते, दुसऱ्यात ती आकड्यांत मांडता येते, तिसऱ्यात ती दुसऱ्याला लावता येते आणि चौथ्यात तिचं शुल्क घेता येतं.

कवळीवाला छत्तिसाव्या वर्षी या अभ्यासक्रमाला बसला. त्याआधी बारा वर्षं तो दातांच्या कवळ्या बनवत होता. हात चोख होता, पण गिऱ्हाईक कधी दिसलं नाही. यायचे ते नुसते प्लास्टरचे जबडे. आपल्याला बोलणाऱ्या माणसांत काम करायचंय, असं एक दिवस त्याच्या मनानं घेतलं. त्यानं नोकरी सोडली. बायकोनं "नीट विचार केलास ना?" एवढंच विचारलं. (सात वेळा विचारलं.)

संस्था नमुनेदार होती. 'दीर्घायुष्य: एक जोखीम' हा विषय शिकवताना प्राध्यापकांचा आवाज भरून यायचा. नव्वदी गाठणारा म्हातारा सगळा तक्ता कसा उधळून लावतो, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. 'चिंतेचा चेहरा' हे वीस गुणांचं प्रात्यक्षिक होतं. चेहरा इतका गंभीर नको की समोरचा उठून पळेल, आणि इतका हसराही नको की तो निश्चिंत होऊन घरी जाईल. कवळीवाल्याला एकोणीस मिळाले. (एक गुण कापला, कारण त्याची चिंता खरी निघाली.) पहिल्या वर्षाअखेर बासष्ट विद्यार्थ्यांपैकी एक्केचाळीस जणांनी चहात साखर घालणं सोडलं, नऊ जणांनी लग्न पुढे ढकललं आणि एकानं स्वतःच्या वाढदिवसाचा खर्च वडिलांकडे मागच्या तारखेपासून मागितला.

खरी कसोटी चौथ्या सत्रात होती. प्रत्येकानं एका जिवंत माणसाचा संपूर्ण आराखडा करायचा. अशा माणसाला संस्थेच्या भाषेत 'नियोज्य' म्हणत. नियोज्याची किमान पाच ध्येयं असावीत आणि ती गाठायला त्याच्याकडे किमान तीस टक्के तूट असावी, असा नियम होता. तूट नसेल तर आराखडा कशाचा करणार? नियोज्य एका छपराखाली राहणारा नको, म्हणून बायको सुटली. (तिनं संस्थेचे आभार मानले.) उरली मावशी.

मावशी पुस्तकं बांधायची. दोन खोल्या, पुढच्या खोलीत दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, डिंकाचं भांडं आणि फाटकी पुस्तकं. मागच्या खोलीत ती स्वतः. कवळीवाला अर्ज घेऊन तिच्यासमोर बसला.

"मावशी, तुझी आयुष्यातली ध्येयं सांग."

"माझी? काही नाहीत रे ठोंब्या."

"असं कसं? काहीतरी हवंच असेल."

मावशीनं मनापासून विचार केला. "डिंक संपत आलाय," ती म्हणाली.

त्यानं पहिल्या रकान्यात 'डिंक' लिहिलं. आठवड्यानं आराखडा परत आला. मार्गदर्शक बाईंनी तांबड्या शाईनं शेरा मारला होता: 'ध्येय क्षुल्लक. तूट शून्य. नियोज्य समाधानी असल्याचा संशय येतो. तातडीने पावले उचलावीत.'

पावलं कोणती, ते पाठ्यपुस्तकात होतंच. नियोज्याला त्याच्या ऐपतीबाहेरच्या ठिकाणी फिरवून आणावं. कवळीवाल्यानं मावशीला एका नव्या इमारतीतली नमुन्याची सदनिका दाखवायला नेलं. गालिचा पाहून ती "छान" म्हणाली, न्हाणीघर पाहून "बरं आहे" म्हणाली. मग तिला पुस्तकांचं कपाट दिसलं. तिनं सवयीनं एक पुस्तक उपसलं, आणि तिचा चेहरा उतरला. कवळीवाल्याची आशा पालवली.

"आत पानंच नाहीत!" मावशी ओरडली.

सगळी पुस्तकं पुठ्ठ्याची होती, नुसते पोकळ कणे. तिनं तिथल्या विक्रेत्याला अर्धा तास फैलावर घेतलं. त्यानं हात जोडून मालकाला बोलावलं, आणि मालकानं तिथल्या तिथे तिला चाळीस खरी पुस्तकं बांधायचं काम दिलं, शिवाय पुढच्या तीन इमारतींचंही. संशोधनभेटीचा निष्कर्ष असा, की नियोज्याचं उत्पन्न वाढलं आणि तूट शून्याच्याही खाली गेली. मार्गदर्शक बाईंच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत असं प्रथमच घडत होतं. त्यांनी शेऱ्याच्या जागी नुसतं उद्गारचिन्ह काढलं.

आराखडा तिसऱ्यांदा फेटाळला गेला, की विद्यार्थी थेट नापास. कवळीवाला मावशीकडे गेला. त्यानं सगळं सांगून टाकलं: नोकरी सोडलेली, वर्ष जाणार, घर एकटी बायको ओढतेय.

"अरे, मग आधी नाही का सांगायचंस!" मावशीनं हात पुसले. "घे पेन. लिही, जहाज."

"तुला बोट लागते, मावशी. होडीतसुद्धा उलट्या होतात."

"मग काय झालं? मी थोडीच बसणारेय त्यात? पुढे लिही, डोंगरावर घर. आणखी एक घर. पहिल्या घराशी पटलं नाही तर जायला. घोडे."

"किती?"

"तुला पास व्हायला किती लागतात?"

चौदा घोड्यांवर तूट चौऱ्याण्णव टक्क्यांवर पोचली. मार्गदर्शक बाईंनी आराखडा वर्गात वाचून दाखवला. मात्र नियमाप्रमाणे बाहेरचे परीक्षक नियोज्याच्या घरी येऊन खात्री करणार होते. म्हणून मावशीला हव्यासाचा सराव करणं भाग होतं. रोज काम आटोपल्यावर ती अर्धा तास आरशासमोर उसासे टाकायची. पोरीची जात म्हणून लहानपणी इतका जीव लावून काही शिकायला मिळालं नव्हतं, आता मिळतंय, असं म्हणायची. त्याच्या पाठ्यपुस्तकातल्या मुद्द्यांवर बोट ठेवून ती घोड्यांबद्दल हळहळायला शिकली.

परीक्षेच्या चार दिवस आधी कवळीवाला गेला, तर दाबयंत्र बंद होतं. मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"ठोंब्या, ही खिडकी लहान वाटते का रे तुला?"

"कुठली?"

"हीच की. एकतीस वर्षं बघतेय मी हिच्यातून. कधी लक्षातच आलं नाही. आणि हा उजेड... कमीच आहे, नाही?"

हे प्रगतीचं लक्षण होतं. पाठ्यपुस्तकात याला 'जागृती' म्हणतात आणि ती साधारण तिसऱ्या भेटीत यावी अशी अपेक्षा असते. कवळीवाल्यानं नोंदवहीत 'प्रतिसाद उत्तम' असं लिहिलं. मग तो घरी निघाला आणि स्वतःच्या घरावरून पुढे निघून गेला. दोन चौक गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो मागे फिरला. बायकोनं दार उघडून विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "पास होतोय बहुतेक."

परीक्षक वेळेवर आले. अकराशे आराखडे तपासलेला तो माणूस. त्यांच्या चिंतेच्या चेहऱ्याचा फोटो संस्थेच्या दर्शनी भागात लावलेला होता. ते मावशीच्या एकुलत्या एक खुर्चीत बसले, चौदा घोड्यांचा कागद काढला आणि मावशीनं उसासा टाकायला छाती भरून घेतली.

"साहेब, ते खोटं आहे," कवळीवाला म्हणाला.

"काय खोटं आहे?"

"घोडे. जहाज. सगळंच. मावशीला काही नकोय. मी तिला हवं म्हणायला लावलं."

मावशीनं भरलेली छाती सावकाश रिकामी केली. "मेल्या, चौदा दिवस आरशासमोर उभी होते मी," ती म्हणाली. पण तिचे खांदे सैल झाले होते, हे त्याला दिसलं.

परीक्षक तिच्याकडे वळले. काही नको म्हणणारे लोक त्यांनी पाहिले होते; ते सगळे एकतर लपवत होते किंवा आजारी होते. "बाई, खरंच काही नको?"

"डिंक आणलाय परवाच."

"मग तुमच्याकडे आहे तरी किती?"

मावशीला हा विषय चारचौघांत बोलायचा वाटला नाही. तिनं परीक्षकांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात आकडा सांगितला. परीक्षकांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग चष्मा पुसत, घसा साफ करून, त्यांनी दाबयंत्र कसं चालतं ते विचारलं.

त्यांचा अहवाल दोन ओळींचा होता: 'नियोज्याकडे पुरेसे आहे. हा प्रकार अभ्यासक्रमात समाविष्ट नाही.' त्यामुळे कवळीवाला नापास झाला. जुन्या मालकानं त्याला जुन्याच पगारावर परत घेतलं. कवळ्यांचा ढीग साचला होता. बायकोनं यावेळी काहीच विचारलं नाही, फक्त त्या दिवशी चहात साखर घातली. परीक्षकांनी दीर्घ रजा काढली. हल्ली ते मंगळवारी सकाळी मावशीकडे पानं शिवायला येतात. (मानधन नाही. टाके वाकडे येतात, मावशी उसवायला लावते.) संस्थेनंही प्रसंगाचं गांभीर्य ओळखून 'पुरेसेपणा: निदान व उपचार' हा सक्तीचा विषय सुरू केला. अभ्यासक्रम आता अडीच वर्षांचा आहे आणि शुल्कही त्या मानाने आहे.

अहवालाची बातमी फुटल्यावर संस्थेकडे दोनशे चौदा पत्रं आली. पुरेसं कशाला म्हणावं, असं एकानंही विचारलं नव्हतं. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: मावशीनं कानात सांगितलेला आकडा किती?

संस्था तो सांगत नाही. पण असं विचारणाऱ्या प्रत्येकाचं नाव ती प्रवेशासाठी इच्छुक म्हणून नोंदवून घेते. तेव्हा तुम्हीही मघाशी त्या ओळीशी थबकला असाल, तर संकोच करू नका. अर्ज कचेरीत मिळतो. 'अभ्यासक्रमाला येण्याचे कारण' हा रकाना भरायची गरज नाही. तो छापूनच येतो.