दशरथभाऊंचे खुंटे

दशरथभाऊंकडे एकच शेळी होती आणि तिच्या पाठीवर गेरूनं मोठा ‘द’ काढलेला असे. अमेरिकेत गुरांवर मालकाचा डाग देतात, असं त्यांनी वाचलं होतं. तापल्या लोखंडानं डागायला मन धजेना, म्हणून गेरू. पाऊस येऊन गेला की शेळी बेवारशी व्हायची आणि भाऊ पुन्हा गेरूची वाटी घेऊन बसायचे.

भाऊ आमच्या घाटंजीतल्या कापसाच्या जिनिंगवर चौकीदार. तिथल्या रद्दीत त्यांना एक फाटकं मराठी पुस्तक सापडलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे माणसं बैलगाड्या जुंपून कशी गेली, सोनं कसं खणलं, गुरं कशी पाळली, माळ कसा नांगरला, अशी ती हकिकत होती. शेवटची पानं गायब होती, त्यामुळे भाऊंच्या लेखी ती माणसं अजून वाटेतच होती. मी शाळामास्तर, म्हणून अडलेले शब्द विचारायला ते माझ्याकडे येत. काहीही सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं: “अमेरिकेत अस्संच झालं, मास्तर!” जिनिंगचा पट्टा तुटला, अमेरिकेत अस्संच. माझ्या सासूबाई चार दिवसांसाठी आल्या त्या हलेचनात, तरी अस्संच.

भाऊंनी छपन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावाच्या विहिरीला मात्र त्याची अजून खबर नव्हती. त्यांच्या वस्तीला पाणी नाल्यावरूनच आणावं लागे. घराण्यात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. अशात बातमी आली की बाजाररस्त्यालगतची सरकारी पडीत जमीन जो कसून दाखवेल त्याच्या नावावर होईल. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी, पुस्तकातल्या माणसांसारखे, हद्दीवर चारी बाजूंनी बाभळीचे खुंटे ठोकले.

“हे माही अमेरिका,” ते म्हणाले.

खणताना दगड चमकला की ते सोनाराकडे धावत. शेवटी सोनार हात जोडून म्हणाला, “भाऊ, तुमच्या दगडानं माही कसोटी झिजून गेली!” सोनं नाही निघालं, पण तूर छान उगवली.

आणि आला बाजाराचा दिवस. लांबच्या खेड्यांतल्या गाडीवानांनी ते खुंटे पाहिले. त्यांना वाटलं, कुणा भल्या माणसानं बैलांची सोय केली आहे. त्यांनी निवांत बैल बांधले आणि बाजारात गेले. रस्त्याकडची सगळी तूर बैलांच्या पोटात गेली. भाऊ काठी घेऊन धावल्याचं मी ऐकलं. पण पुढच्या बाजाराला पाहतो तर खुंटे तिथंच, बैल तिथंच, आणि वर सावलीला एक पाण्याचा रांजण.

तलाठी पाहणीला येणार असं कळलं तेव्हा मी कळकळीनं सांगितलं, “भाऊ, खुंटे उपटा. परत पेरा. बैल पाहून तो काय लिहील?”

“पाहू,” भाऊ म्हणाले.

तलाठी नेमका बाजाराच्या दिवशी आला. जिकडं तिकडं बैल, शेण, चिलमी ओढणारे गाडीवान. मागचं वावर त्यानं कसलेलं लिहिलं, ते भाऊंच्या नावावर झालं. रस्त्याकडची पट्टी, सगळ्यात काळी आणि कसदार, हातची गेली.

मला फार राग आला. तसाच तरातरा त्यांच्याकडे गेलो. ते शेळीचा ‘द’ गिरवत होते.

“एवढं सोन्यासारखं रान घालवलंत! खुंटे का नाही उपटले?”

भाऊंनी वाटी खाली ठेवली. “पह्यल्या बाजारी मी काठी घेऊन धावलो, मास्तर. गाडीवाला एक पाटील होता. म्हने, भाऊ, तुमच्या भरोशावर बैल सोडून गेलतो. पानी हाय का? मी सांगतलं, मी खालच्या वस्तीतला हाय. तो म्हने, बावा, मले तहान लागून राह्यली. अन् माह्या गडव्यातून घटाघटा पानी प्याला.” भाऊंनी गेरूचा हात धोतराला पुसला. “माह्या बापानं उभ्या जन्मात गावातल्या कोनाले पानी नाई पाजलं. कोनी घेतलंच नाई. खुंटे उपटले असते, तं कोन थांबलं असतं माह्यापाशी?”

माझा राग कुठच्या कुठं गेला. मी त्यांचंच वाक्य त्यांना दिलं. “अमेरिकेत असंच झालं का, भाऊ?”

“नाई,” ते म्हणाले. “हे पुस्तकात कुठंच नाई, मास्तर. हे घाटंजीत झालं.”

एवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली, आणि भाऊ गडवा घेऊन लगबगीनं रांजणाकडे गेले.