पाठीवरचा फ्लेक्स

वडसा-आरमोरी रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना सायकलवाल्याची कदर करायला मी शिकवलं, हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या महिन्यात एका ट्रकच्या हवेनं मी सायकलसकट धानाच्या बांधीत गेलो. नागपूरहून साधनानं, म्हणजे माझ्या मुलीनं, फोनवर निकाल दिला, "बाबा, आणखी एकदा पडले तर सायकल विकायची."

सायकल गेली तर वडसा गेलं, आणि वडशातलं सादिकचं पंक्चरचं दुकान गेलं. मला पाहून "बसा भाऊ" म्हणणारा तेवढा एकच माणूस उरलाय. घरात बायको गेल्यापासून बोलतो तो कुकर, तोही तीन शिट्ट्यांपुरता.

सादिक म्हणाला, "भाऊ, मांगं लाल रिफ्लेक्टर लावून देतो."

"एवढ्याशा काचेले कोण विचारते?" मी म्हटलं. हिवाळ्यात वडशात नाटक मंडळ्यांचे फ्लेक्स ढिगानं पडलेले असतात. त्यातला एक पिवळाजर्द कापला आणि पाठीवर बांधला. 'आज रात्री भव्य नाटक, सासू गेली कोर्टात' एवढं राहिलं. गावाचं नाव कात्रीत गेलं.

"भाऊ, लोक नाटकाले निंगतीन तुमच्या मांगं," सादिक म्हणाला.

"निंगू दे. दिसलो म्हणजे झालं."

आणि दिसलो की! ट्रक हळू होऊ लागले. एक ड्रायव्हर तर खिडकीतून अर्धा बाहेर आला. मी मनात म्हटलं, याला म्हणतात मान.

दिवेलागणीला मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बाया, पोरं, गोधड्या, बसायला पोती. लच्छू नावाचा ड्रायव्हर ओरडला, "काका, नाटक कुठी हाये?"

चालत्या सायकलवर मागं वळून बघायचं नाही, हा माझा नियम. इंजिनाच्या आवाजात मला 'काका' तेवढंच कळलं; पुढं निघून जा, म्हणून मी हात हलवला. त्याला वाटलं, पुढंच आहे. तो बैलगाडीच्या चालीनं मागं राहिला, त्याच्यामागं दोन जीपा. माझ्या गावाच्या फाट्यावर मी साधनानं शिकवल्याप्रमाणे उजवा हात लांब केला. सगळे वळले.

मी सायकल भिंतीला लावेपर्यंत अंगणात पोती अंथरून झाली होती. पुढच्या जागेवरून दोन बायांचं जुंपलंही.

"पडदा कुठी हाये, भाऊ?" एकीनं विचारलं.

मी चहा टाकला. दुसरं काय करणार? एवढी माणसं या अंगणात बायकोच्या तेरवीला आली होती, त्यानंतर आज.

तेवढ्यात साधनाचा फोन. अंगणातली गर्दी शेजाऱ्यानं तिला कळवली होती.

"बाबा, घरी एवढी माणसं काऊन? कुठं लागलं तुम्हाले?"

"कुठीच नाई लागलं. लोक नाटक पाहाले आले."

"आपल्या अंगणात नाटक? खोटं नका बोलू, बाबा. उद्या पहिल्या बसनं निघते मी. सायकलले हात लावायचा नाई."

लच्छूनं कुणाला तरी फोन लावून खरं गाव शोधलं. चहा पिऊन, मला दोन शब्द सुनावून, मंडळी निघाली. उरले नुसते कप.

साधनाला सगळं नीट सांगावं म्हणून फोन उचलला. परत ठेवला. एवढं लांबलचक फोनवर कसं सांगायचं? उद्या ती आली की सांगीन. जेवण झाल्यावर. नाहीतर परवा, ती निघताना.